१४ प्रोला ८० टक्क्यांचा लगाम का नाही?

शिफ्टवाला:
मेव्हण्याने नवा फोन घेतला आणि त्याचा आयफोन १४ प्रो माझ्या पदरात पडला. बॅटरी हेल्थ ८६. म्हटलं, नीट सांभाळू, ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय चालू करू. अख्खी सेटिंग्ज पालथी घातली, सापडेना. बायकोच्या साध्या १५ मध्ये मात्र लगेच मिळाली. दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितले. आयओएस एकच, चिपसुद्धा एकच, ए१६! २०२२ ला प्रोमध्ये होती तीच २०२३ ला साध्या १५ मध्ये आली. मग अडलंय कुठे?

गल्लीतला दुकानदार म्हणतो, "पुढच्या अपडेटला येईल, गॅरंटी माझी." त्याच्या गॅरंटीचा स्क्रीनगार्ड दुसऱ्या दिवशी निघाला होता, म्हणून इथे विचारतोय.

आणि "ऑप्टिमाइज्ड चार्जिंग लाव" (रोजच्या सवयीनुसार ८० च्या पुढचं चार्जिंग लांबवणारी सोय) असं कृपया सांगू नका. चाकणला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. फोन माझी सवय शिकेपर्यंत मी फर्स्टवरून नाइटला गेलेलो असतो.

जुना_चार्जर:
दुकानदाराचं सोडा. आयओएस १७ बरोबर ही सोय आली तीच फक्त १५ च्या मालिकेला. आयओएस १८ मध्ये ८५, ९०, ९५ चे पर्याय वाढले, तेही १५ आणि त्यापुढच्यांनाच. चिपपेक्षा बॅटरीचं कारण असावं, हा माझा अंदाज. अॅपलच्याच आकड्यांनुसार १४ ची बॅटरी ५०० सायकलनंतर (सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरून होणं) ८० टक्के क्षमता राखते, १५ ची १००० नंतर.

शिफ्टवाला:
म्हणजे हजारवाली दणकट बॅटरी पथ्यावर आणि पाचशेवाली मोकाट? ज्याला साखरेचं दुखणं त्याच्याच ताटात जिलबी वाढल्यासारखं झालं हे.

साधी_पंधरा:
दादा, आमचा हेवा नका करू. २०२३ च्या सप्टेंबरात १५ आला आणि पुढच्या जूनमध्ये अॅपल इंटेलिजन्स, म्हणजे अॅपलचं एआय, जाहीर झालं, तर ते १५ प्रोपासून पुढे. आमचा नऊ महिन्यांत म्हातारा! तिथे निदान कारण पटतं. ते एआय मॉडेल फोनच्या मेमरीत बसवावं लागतं, प्रोला ८ जीबी रॅम, आमच्याकडे ६. तुमच्या ८० टक्क्यांना कुठली आलीय रॅम? सॅमसंगवाले ८५ वर थांबवायची सोय कधीपासून वापरतायत.

वायरमन:
भांडत बसण्यापेक्षा हे करा. शॉर्टकट्स अॅप, ऑटोमेशन, बॅटरी लेव्हल, त्यात 'राइजेस अबव्ह ८०%'. खाली 'रन इमिजिएटली' निवडा, नाहीतर दर वेळी परवानगी विचारत बसेल. मग 'स्पीक टेक्स्ट' जोडून हवं ते वाक्य लिहा. चार्जिंग थांबत नाही, फक्त फोन ओरडतो. आपोआप थांबवायचं असेल तर होमकिटवर (घरातली उपकरणं आयफोनवरून चालवायची अॅपलची सोय) चालणारा स्मार्ट प्लग घ्या आणि त्याच ऑटोमेशनमध्ये तो बंद करायची आज्ञा टाका. फोनचं सेटिंग नसलं तरी भिंतीतला करंट आपल्या हातात आहे.

शिफ्टवाला:
वायरमनदादा, लावलं, चालतंय. फक्त आज नाइट करून सकाळी आठला आडवा झालो आणि साडेनऊला फोन बोंबलला. आई देवपूजा सोडून दार उघडायला धावली, तिला वाटलं कुणीतरी आलंय. होमकिटवाला प्लग केवढ्याला पडतो?