सी विंग – रात्रीचा आवाज (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

सी-402 परांजपे काका: काल रात्री पावणेतीनला पुन्हा वरच्या मजल्यावरून किंचाळण्याचा आवाज. नाव घेत नाही, ज्यांचं घर त्यांना माहीत आहे. हिची बीपीची गोळी चालू आहे, दचकून उठली ती सकाळपर्यंत झोपली नाही.

बी-104 सावंत: पिंपळ तोडला तेव्हाच मी सांगितलं होतं.

सी-502 रोहितची आई: काका, आवाज आमच्याकडूनच येतो. काकूंना त्रास झाला, माफ करा. रोहितला जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत. दाराशी कोणीतरी उभं दिसतं, मग ते छातीवर येऊन बसतं म्हणतो. ओरडायला जातो तर आवाज फुटत नाही. सुटतो तेव्हा एकदम किंचाळतो. मी हल्ली उशाशीच बसून असते. कोणाला काही माहीत असेल तर सांगा, हात जोडते.

ए-203 भोसले: *फॉरवर्डेड* ‼️ झोपेत शरीर जखडणे हा लकव्याचा पहिला झटका!! तरुण मुलं झोपेतच जातात!! आपल्या माणसांसाठी पुढे पाठवा 🙏🙏

ए-301 माने वहिनी: भोसले भाऊ, त्या माउलीने आत्ताच हात जोडले, आणि तुम्ही हे टाकता?

ए-203 भोसले: मला आलं ते पाठवलं. माहिती असलेली बरी.

बी-104 सावंत: 502 मध्ये आधीचे आजोबा गेले, वास्तुशांत झाली नाही. आणि पिंपळ तोडला. तेव्हाच सांगितलं होतं.

डी-204 केतन: मुंजा पार्किंग शोधत पाचव्या मजल्यावर गेला वाटतं 😂

बी-303 शिंदे: पार्किंगचा विषय निघालाच आहे तर पिंपळ गेल्यावर तिथे कोणाची गाडी लागते तेही बोलू या.

सेक्रेटरी: शिंदे साहेब, मुळांनी कंपाउंडची भिंत फुटली होती. महापालिकेची परवानगी ऑफिसात आहे. या आणि बघा.

बी-303 शिंदे: परवानगी झाडाची होती, गाडीची नव्हती.

डी-101 सिस्टर मावशी: गाड्या नंतर. रोहितची आई, आधी हे वाचा. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. लकव्याशी त्याचा संबंध नाही आणि त्याने जीव जात नाही.

स्वप्नं पडतात त्या झोपेला रेम म्हणतात. त्या वेळी मेंदू अंगातले स्नायू मुद्दाम सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस पलंगावरून खाली येईल. कधी जाग आधी येते आणि स्नायू सुटायला काही सेकंद, कधी एखाददोन मिनिटं लागतात. स्वप्न अजून ओसरलेलं नसतं, म्हणून दाराशी माणूस दिसतो. बरगड्यांमधले स्नायूही सैल असतात. घाबरून खोल श्वास घ्यायला जावं तर छाती फुगत नाही, म्हणून कोणी बसल्यासारखं वाटतं. पण श्वासपटल चालू असतं. श्वास थांबत नाही.

सी-402 परांजपे काका: मग लकवा कसा ओळखायचा? माझ्या मोठ्या भावाला पहाटेच आला होता.

डी-101 सिस्टर मावशी: काका, लकव्यात बहुधा एकच बाजू जाते, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, आणि ते दोन मिनिटांत आपोआप जात नाही. तसं दिसलं तर थांबायचं नाही, 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रोहितचं दोन्ही बाजूंचं अंग जखडतं आणि पूर्ण सुटतं.

ए-203 भोसले: पण तरुण मुलं झोपेत जातात हे खोटं आहे का?

डी-101 सिस्टर मावशी: खोटं नाही, पण ते वेगळं. लाओसहून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग लोकांत 1980 च्या आसपास धडधाकट पुरुष झोपेत गेले होते. पुढे 1992 मध्ये ब्रुगाडा बंधूंनी हृदयाच्या ठोक्यांचा एक आजार मांडला, अशा बऱ्याच मृत्यूंचा धागा त्याच्याशी जुळला. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा रोहित कधी चक्कर येऊन पडला असेल तर ईसीजी काढा. एरवी त्या बातमीने घाबरू नका.

ए-301 माने वहिनी: मला दहावीच्या परीक्षेत व्हायचं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या. कोणाला बोलले नव्हते.

डी-204 केतन: मलाही झालंय. इंजिनिअरिंगला, सबमिशनच्या रात्री. मघाशी उगाच थट्टा केली, सॉरी काकू.

सी-402 परांजपे काका: ही म्हणते तिला बाळंतपणानंतर व्हायचं. चाळीस वर्षांत मला आज सांगतेय.

डी-101 सिस्टर मावशी: बघा. 2011 मध्ये 35 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात शंभरात साधारण 8 जणांना आयुष्यात एकदा तरी झालेलं, विद्यार्थ्यांत 28. झोप तुटली की वाढतं. रोहितची शिफ्ट बदलते ना?

बी-104 सावंत: सगळं मान्य. पण पिंपळ

ए-301 माने वहिनी: सावंत काका, पुरे. त्या घरात माणसं राहतात. उद्या कामवाल्या बाईने यायचं बंद केलं तर तुम्ही भांडी घासायला जाणार का?

सी-502 रोहित: मावशी, मी रोहित. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. उताणाच झोपतो. भान असतं पण काहीच करता येत नाही, त्याचीच भीती वाटते. झोपायलाच नको वाटतं.

डी-101 सिस्टर मावशी: तिथेच चक्र लागतं बाळा, भीतीने झोप कमी आणि झोप कमी म्हणून पुन्हा तेच. कुशीवर झोप. पहाटे कॉफी नको. झालं की छातीशी झगडू नकोस, डोळे फिरव, एखादं बोट हलवायला बघ, सुटेल. दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का? हसताना गुडघे लुळे पडतात? घोरताना श्वास अडकतो?

सी-502 रोहित: नाही. दुपारी पेंगतो फक्त.

डी-101 सिस्टर मावशी: तरी वारंवार होतंय, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखव. शिफ्ट सारखी बदलू नये असं चिठ्ठीवर लिहून माग, ऑफिसात देता येईल. आणि आई, तुम्ही उशाशी जागू नका. तो डोळे उघडतो तेव्हा अंधारात तुमचीच आकृती दिसत असेल.

सी-502 रोहितची आई: अगंबाई. आज रात्रीपासून आतल्या खोलीत झोपते.

सी-402 परांजपे काका: वहिनी, सकाळचा मेसेज जरा जोरात झाला. पुन्हा आवाज आला तर आम्हाला आता कारण माहीत आहे.

बी-303 शिंदे: आता गाडीचं बोलू या का?

सेक्रेटरी: मीटिंगला. उद्या टाकी धुणार आहेत, 11 ते 4 पाणी बंद. सी विंगने आजच भरून ठेवा.