राजहंसगडावरून 5 वॅटमध्ये 40 मीटरवर संपर्क : मदत हवी आहे

बेळगावच्या येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावरून हौशी (हॅम) रेडिओच्या 40 मीटर बँडवर (सुमारे 7 मेगाहर्ट्झ) 5 वॅट शक्तीने आवाजी (एसएसबी) संपर्क साधण्याचा मी प्रयत्न करीत आहे. सकाळी पुणे आणि बेंगळुरूची, म्हणजे सरळ रेषेत साधारण 300 ते 460 किलोमीटरवरची स्थानके स्वच्छ ऐकू येतात, परंतु माझ्या हाकेला उत्तर क्वचितच मिळते. समोरची बहुतेक स्थानके 50 ते 100 वॅटवर असल्याने हा फरक 10 ते 13 डेसिबलचा आहे, हे ध्यानात घेऊनही निकाल फारच तोकडा वाटतो.

अँटेना सुमारे 20 मीटर तारेची, टोकाकडून जोडलेली अर्धतरंग (तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची) असून तारेचा संचाशी मेळ घालणाऱ्या 49:1 ट्रान्सफॉर्मरला जोडलेले टोक जमिनीलगत आणि दुसरे टोक 6 मीटरच्या फायबरच्या काठीवर असते. एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळते याचे माप; 1 म्हणजे उत्तम) 1.5 च्या आत आहे. काउंटरपॉइजची (अँटेनाच्या जोडीच्या पूरक तारेची) लांबी बदलून, बॅटरी भरलेली ठेवून आणि वेगळी कोॲक्स केबल वापरूनही फरक पडला नाही. त्याच संचावर 20 मीटरला मोर्समध्ये दूरची उत्तरे मिळतात, त्यामुळे संचात दोष नसावा.

परवाना जनरल श्रेणीचा आहे. शक्ती वाढवायची नाही, तटबंदीला काही बांधायचे नाही आणि माथ्यावर वारा असा असतो की याहून उंच काठी टिकत नाही.

अशा स्थितीत तीच काठी मध्यभागी ठेवून उलट्या व्ही आकाराचा डायपोल (मधोमध जोडलेली दोन भुजांची तार) लावल्यास या अंतरासाठी खरोखर लाभ होईल का, की अँटेना तशीच ठेवून वेळ बदलावी, आणि बदलायची तर नेमकी कोणती?