मदत हवी आहे: चवथीच्या दिवसांत कॅरव्हॅन फोंड्याकडे कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्त. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करून घेतलीय, तिच्यातून कर्नाटकात फिरतोय. आता प्रवास थांबवून गणेश चवथीला लेकीकडे, गोव्यात फोंड्याजवळ मार्दोळला यायचं ठरलंय. नातवंडांना माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला आजोबाच हवेत म्हणे, आणि विसर्जन झालं तरी लगेच सुटका नाही.

अडचण गाडीची आहे. लेकीच्या घराकडे जाणारी वाट दोन्हीकडून चिऱ्यांच्या गडग्यांनी आवळलेली, स्कूटर समोरून आली तरी कुणीतरी मागे जायचं. जावईबापू म्हणतात, शेजाऱ्यांच्या माडांच्या बागेत लावा. पण नारळ छतावर पडला तर सोलर पॅनेलचं काय होईल, हे त्यांना कोण सांगणार? सासऱ्यांनी तर नाहीच!

कुंडई औद्योगिक वसाहतीत किंवा फोंड्याच्या आसपास भाड्याने शेड मिळेल का? छत दहा फूट उंच गाडी आत जाईल असं हवं. शेडमध्ये ऊन नाही, म्हणजे सोलर बंद. मग आतल्या लेड-अॅसिड बॅटरीची वायर काढून ठेवणं पुरेल, की मधूनमधून चार्जरला लावावी लागेल? सिलिंडर काढून ठेवणारच आहोत. गाद्यांना बुरशी लागू नये म्हणून काय करता? आणि उंदीर? वायरिंग कुरतडतात त्याची मला सगळ्यात धास्ती.

शिवाय बेळगावहून अशा उंच गाडीने पावसात चोर्ला घाटाने उतरावं की अनमोड घाटाने? हल्लीच गेलेल्यांनी सांगा. ह्यांना चोर्ला हवाय, धबधब्यांसाठी.