मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांच्या शेवटची जोडाक्षरे उच्चारता येत नाहीत

शेवंता
नमस्कार. ‘कोलॅप्स्ड’, ‘आस्क्ड’, ‘कॉफ्ड’ अशा शब्दांचा शेवट माझ्याकडून नीट होत नाही आणि हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या व्यक्तीला सांगणे) देताना समोरची व्यक्ती तोच शब्द दोनदा-तीनदा विचारते. सोमवारपासून मला रात्रपाळी एकटीने सांभाळायची आहे. कृपया लवकर उपाय सुचवावा.

माळरान
आपण कुठे असता आणि ऐकणारे कोण आहेत? शेवटचे व्यंजन गळते, की त्याला जास्तीचा ‘अ’ चिकटतो? हे कळल्याशिवाय काही सुचवणे कठीण आहे.

नर्मदाकाठ
आम्ही इंदूरला असताना आमचा मुलगा ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणत असे. ‘स्’ लांबवून म्हणायला लावल्यावर महिनाभरात सुधारणा झाली.

माळरान
तो शब्दाच्या आरंभाचा प्रश्न झाला, यांची अडचण शेवटाची आहे.

शेवंता
क्षमस्व, लिहायचे राहिले. मी इंग्लंडमध्ये लीड्सला परिचारिका आहे आणि सहकारी बहुतेक तिथलेच आहेत. आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला, तर ‘कोलॅप्सड’ असे ऐकू येते, म्हणजे ‘अ’ मध्येच शिरतो.

ध्वनिवेध
आपण स्पेलिंगमधला ‘ईडी’ वाचत आहात. प्, क्, फ्, स् यांसारख्या अघोष (म्हणताना कंठ कंप पावत नाही अशा) व्यंजनांनंतर त्याचा उच्चार नुसता ‘ट्’ होतो: कोलॅप्स्ट्, आस्क्ट्, कॉफ्ट्. ‘इड’ फक्त मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘ट्’ किंवा ‘ड्’ असेल तेव्हाच, जसे ‘वॉन्टिड’. दुसरे असे की ‘घर’मधला अंत्य ‘अ’ आपण बोलताना गाळतो, पण ‘कष्ट’, ‘मित्र’ यांसारख्या जोडाक्षरान्त शब्दांत तो उच्चारतो, आणि तीच सवय इंग्रजीत जाते. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, तर शेवटचा ‘ट्’ त्याला जोडून टाकावा: ‘कोलॅप्स्-टिन द बाथरूम’. ‘अ’ला जागाच उरत नाही.

निवृत्त शिक्षक
मी 30 वर्षे इंग्रजी शिकवले आहे. आरशापुढे उभे राहून प्रत्येक व्यंजन सुटे आणि ठसठशीत म्हणावे, यासारखा दुसरा उपाय नाही.

ध्वनिवेध
सर, आदरपूर्वक असहमत आहे. सुटे म्हणू गेलो की नेमका ‘अ’ येतो. इंग्रज स्वतःही भरभर बोलताना ‘नेक्स्ट डे’चे ‘नेक्स डे’ आणि ‘आस्क्ट’चे ‘आस्ट’ करतात.

निवृत्त शिक्षक
ते त्यांना शोभते, कारण ऐकणारा त्यांच्या बोलीला सरावलेला असतो. रुग्ण कोसळला की कोसळतो, हा फरक त्या एका ‘ट्’वर अवलंबून आहे, तिथे गाळागाळ नको.

ध्वनिवेध
हे मान्य. हँडओव्हरमध्ये भूतकाळाचा ‘ट्’ टिकवावाच.

शेवंता
‘कोलॅप्स्-टिन’ वीस वेळा म्हणून ध्वनिमुद्रण केले, ‘अ’ नाहीसा झाला! मात्र ‘कोलॅप्स्ड ट्वाइस’ म्हणताना पुन्हा अडखळते.

ध्वनिवेध
तिथे दोन ‘ट्’ वेगवेगळे म्हणू नयेत. जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवून क्षणभर तशीच धरावी आणि ‘ट्वाइस’साठी एकदाच सोडावी. आपण ‘पट्टी’ म्हणताना जसे थांबतो, अगदी तसेच, फक्त जीभ मागे वळवायची नाही.