मदत हवी आहे: बिनकिल्लीच्या गाडीची चावी रात्री घरात कुठे ठेवावी?

औसा_रोड:
लातूरला घर अगदी रस्त्यालगत आहे, गाडी दारातच लागते. चावी पुढच्या खोलीत खुंटीवर, मधे एकच भिंत. चावीला न शिवता गाडी नेतात म्हणे, खरं का? फॉइलमध्ये गुंडाळून भागेल का? खिशातून चावी न काढता दार उघडतं ही सोय घरच्यांना सोडवत नाही.

गोदाकाठ:
खरं आहे. हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर चावीला हाक मारते. ही हाक मीटर-दीड मीटरच पोचते. चावीचं उत्तर (४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास) मात्र बरंच लांब जातं. एक चोर गाडीपाशी, दुसरा तुमच्या भिंतीला खेटून. त्यांची यंत्रं गाडीची हाक खुंटीपर्यंत पोचवतात. चावीचा गुप्त कोड दर वेळी बदलतो म्हणून निर्धास्त राहू नका. इथे कोड कुणी फोडतच नाही, उत्तर तुमचीच खरी चावी देते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच १० मॉडेलांवर हे करून दाखवलंय. आणि चालू इंजिन चावी लांब गेली म्हणून बंद पडत नाही. भर रस्त्यात बंद पडू नये म्हणून ते तसंच ठेवलेलं असतं.

फॉइल घडीवर फाटतं. सिग्नल अडवणारं पाकीट घ्या, पण तपासून. गाडी लॉक करा, चावी पाकिटात, पाकीट खिशात, मग हँडल ओढा. दुसरी चावी जवळ नको. दार उघडलं तर पाकीट कचऱ्यात. वापरून शिवण सैल होते, अधूनमधून पुन्हा तपासा.

जालना_गॅरेज:
जादा चावीचा सेल काढूनच ठेवा, म्हणजे ती उत्तरच देणार नाही. अडचणीत तिच्यातल्या धातूच्या पात्याने दार उघडतं आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबला की गाडी चालू होते. आतल्या चिपला वीज गाडीच देते. (जागा मॉडेलप्रमाणे वेगळी, मॅन्युअल बघा.) चावी हरवू मात्र नका, गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही मागतात.

पाकिटाने सगळं भागत नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून (गॅरेजवाले बिघाड तपासायला स्कॅनर जोडतात ते) नवी चावी जोडून घेणारेही आहेत. त्याला गिअर लॉक लावा, रोज.

औसा_रोड:
आणि बाजारात लॉक करताना? हँडल ओढून बघतो.

गोदाकाठ:
चावी खिशात असताना ओढाल तर ते उघडणारच! इंडिकेटर लुकलुकले का, आरसे मिटले का ते बघा. जवळपास कुणाचा जॅमर (चावीचा सिग्नल दडपणारं यंत्र) चालू असेल तर बटण दाबूनही लॉक लागत नाही. तसं वाटलं तर पात्यानेच लॉक करा.

औसा_रोड:
ही सोय बंदच करायची म्हटलं तर? स्क्रीनच्या मेनूत काही दिसत नाही.

जालना_गॅरेज:
काही मॉडेलांत चावीवरची दोन बटणं एकत्र दाबून बंद होते, काहींत फक्त सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरने. तिथे 'हँडलवरचं कीलेस बंद, रिमोट चालू' असं स्पष्ट सांगा, नाहीतर रिमोटही बंद करून देतील.