ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा तोच क्लच दुसऱ्यांदा जळला, मदत हवी आहे

मंडळी, बेळगावातून विचारतोय. ६ गियरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आहे, ३ लिटर टर्बो डिझेल, इंजिन ताकद वाढवायला ट्यून केलेलं. ४ वरून ५ व्या गियरला जाताना आरपीएम उडायला लागले, रिव्हर्सपण उशिरा पडायचा, खोललं तर एकाच क्लचच्या फ्रिक्शन प्लेटा काळ्या आणि स्टील प्लेटांवर निळे डाग. नवीन प्लेटा तेलात भिजवून बसवल्या, क्लिअरन्स मोजला, फिल्टर नवा, एटीएफ (गियरबॉक्सचं तेल) मॅन्युअलमधलंच, अॅडॅप्टेशन (गियरबॉक्सच्या कंप्युटरने शिकलेली सेटिंग) रीसेट, आणि तरी ९ हजार किमीत परत तेच, तोच क्लच! बाकीचे क्लच एकदम चांगले आहेत म्हणून नुसत्या ट्यूनवर ढकलायला मन तयार होत नाही, मला तर त्या एका क्लचच्या तेलाच्या सर्किटमध्येच प्रेशर गळतंय असं वाटतंय.

विचाराल म्हणून आधीच सांगतो, चोर्ला घाट चढताना गियरबॉक्सचं तेल ११० डिग्रीपर्यंत जातं, सपाटीला ८५-९०. ट्यून आता काढलाय. कन्व्हर्टर जुनाच, तेलाचा कूलर फक्त फ्लश केला. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब क्लचांकडे वळवणारा भाग) धुतली पण तिची गळती शोधणारी व्हॅक्यूम टेस्ट नाही झाली. पूर्ण नवा गियरबॉक्स बजेटात बसत नाही.

गियरबॉक्स अजून खुलाच आहे. ड्रममधल्या पिस्टन सीलची गळती हवेच्या दाबाने नेमकी कशी तपासायची, दाब किती ठेवायचा? आणि व्हॉल्व्ह बॉडीचे झिजलेले बोअर (व्हॉल्व्ह सरकतात ती भोकं) रीम करून देणारं इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, कोल्हापुरात नाहीतर हुबळीत कोणी आहे का, का त्याच्याआधी कन्व्हर्टर आणि कूलरच बदलू?