स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला पोहायला शिकवण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात सूरसागर तलावाजवळ राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाला पाण्याची विलक्षण ओढ आहे, मात्र धोक्याची जाणीव नाही. हात सुटला की तो थेट पाण्याकडे धावतो. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा वर्षांखालील स्वमग्न मुलांना बुडून मृत्यू येण्याचा धोका इतर मुलांच्या सुमारे १६० पट आढळला होता, म्हणून हा विषय मला पुढे ढकलवत नाही.

हातपाय मारण्याची शैली नंतर आली तरी चालेल. पाण्यात पडल्यावर उताणे होऊन तरंगणे, वळून काठ धरणे आणि स्वतः बाहेर येणे हे त्याला आधी यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. शिट्ट्यांचा आवाज आणि डोक्यावर पडणारे पाणी त्याला अजिबात सहन होत नाही, मात्र क्रमाने लावलेली चित्रे दाखवली की तो सूचना नीट पाळतो.

वडोदऱ्यात अशा मुलांना गर्दी नसलेल्या वेळी, एकेकाला स्वतंत्रपणे शिकवणारे प्रशिक्षक कोणाच्या माहितीत आहेत का? चेहरा पाण्यात घालण्याची भीती आपल्या मुलाच्या बाबतीत कशी कमी केली, हेही अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर लिहावे.